बारा हजार मैलांवरचीं थडगीं



इतिहासाच्या तासाला भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला असे, आणि हातांतली छडी फिरवीत मी मुलांना पहिल्या महायुद्धाच्या आघाड्या दाखवीत असें. एकदां तुर्कस्तानच्या गॅलिपोली द्वीपकल्पावर छडी टेकवून मीं सांगितलें, "येथें १९१५ सालीं ऑस्ट्रेलियन सैनिक उतरले." मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, ऑस्ट्रेलियावर हल्ला कोणीं केला होता?" मीं सांगितलें, "कोणींच नाहीं." "मग ते एवढ्या लांब कां गेले?" वर्गांत हंशा पिकला. प्रश्न मात्र हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. साम्राज्य, राजनिष्ठा वगैरे क्रमिक पुस्तकांतलें उत्तर देऊन मीं त्या दिवशीं वेळ मारून नेली. पुढें नोकरींतून मोकळा झाल्यावर वाचनाला सवड मिळाली, आणि तो प्रश्न माझी पाठ सोडीना. आज आपणांपुढें जें सांगणार आहें, तें त्या मुलाला द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर समजा.

सन १९०१ च्या १ जानेवारीला सहा ब्रिटिश वसाहती एकत्र होऊन ऑस्ट्रेलियाचें संघराज्य बनलें. १९१४ च्या ऑगस्टांत युद्धाचा वणवा पेटला तेव्हां तें राष्ट्र अवघें तेरा वर्षांचें होतें. मुंज होऊन चार-पांच वर्षें झालेल्या मुलाएवढें म्हणाना! लोकसंख्या पन्नास लाखांहूनहि थोडी कमीच. त्या वेळच्या एकट्या मुंबई इलाख्याची वस्ती तिच्या तिपटीहून अधिक होती. युद्ध पुकारण्याचा स्वतंत्र अधिकार या राष्ट्राला नव्हता. इंग्लंडच्या राजानें युद्ध पुकारलें, कीं तें ऑस्ट्रेलियाच्याहि नांवानें पुकारलें गेलें असें धरावयाचें. माणसें धाडावयाचीं कीं नाहीं आणि धाडावयाचीं तर किती, एवढेंच काय तें तेथल्या सरकारच्या हातीं होतें. त्यानें प्रथम वीस हजार माणसें देऊं केलीं. परंतु सक्तीनें भरती केलेल्या माणसाला देशाबाहेर लढावयास नेतां येणार नाहीं, असा तेथला कायदा होता. म्हणून परदेशीं जाणारें सैन्य निराळें उभारलें गेलें, आणि त्यांतला प्रत्येक शिपाई आपण होऊन नांव नोंदविणारा होता. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढच्या सगळ्या हकीकतीची ती किल्ली आहे.

माणसें कां आलीं? एकाच कारणानें आलीं असें कोणीं सांगितलें तर त्यावर विश्वास ठेवूं नये. दर पांचांतला एक तरी विलायतेंत जन्मलेला होता. त्याला इंग्लंड म्हणजे आईचें घर. कित्येकांना जग पाहावयाचें होतें. त्या वर्षीं गव्हाच्या मुलखांत दुष्काळ पडला होता आणि हातांना काम नव्हतें. पगारहि चांगला होता. ऑस्ट्रेलियन शिपायाला रोज सहा शिलिंग मिळत, ब्रिटिश शिपायाला एक. रुपयाचा भाव तेव्हां एक शिलिंग चार पेन्स. म्हणजे हिशेबानें दिवसाला साडेचार रुपये आणि महिन्याला एकशें पस्तीस झाले. आपल्या हिंदी शिपायाचा पगार होता महिना अकरा रुपये. प्राणांचें मोल पगारावर ठरत नाहीं हें मलाहि कळतें; पण हिशेब मांडून दाखविण्याची मास्तरकीची खोड या वयांत थोडीच जाणार! आरंभीं उमेदवारांची इतकी गर्दी झाली, कीं पांच फूट सहा इंचांहून बुटक्या माणसाला परत पाठवीत. १९१७ सालीं तीच अट पांच फुटांपर्यंत खालीं आली होती. त्या सहा इंचांत तीन वर्षांचा सगळा इतिहास आहे.

१९१४ च्या १ नोव्हेंबरला पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑल्बनी बंदरांतून पहिला तांडा निघाला. वाटेंत, ९ नोव्हेंबरला, त्यांच्या 'सिडनी' या युद्धनौकेनें कोकोस बेटांजवळ जर्मनांची 'एम्डेन' निकामी केली. ही तीच एम्डेन, जिनें दीड महिन्यापूर्वीं मद्रासच्या किनाऱ्यावर तोफा डागून तेलाच्या टांक्या पेटवून दिल्या होत्या. आपण इंग्लंडांत उतरणार अशी शिपायांची समजूत होती. प्रत्यक्षांत त्यांना ईजिप्तमध्यें उतरविण्यांत आलें, आणि पिरॅमिडांच्या पायथ्याशीं, वाळूंत, त्यांची कवाईत सुरू झाली. येथेंच कचेरींतल्या मंडळींनीं ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या संयुक्त सेनेच्या लांबलचक नांवाचीं आद्याक्षरें जुळवून 'अँझॅक' हा शब्द बनविला. ज्या शब्दापुढें आज तें राष्ट्र मान लववितें, तो मुळांत कारकुनांची सोय म्हणून जन्मला.

२५ एप्रिल १९१५. पहांटे साडेचारच्या सुमारास होड्या किनाऱ्याला लागल्या. समोर सपाट वाळवंट नव्हतें. झुडपांनीं भरलेल्या, घळींनीं चिरलेल्या टेकड्या अंगावर आल्यासारख्या उभ्या होत्या, आणि वर तुर्कांच्या बंदुका. त्या एका दिवसांत सुमारें सोळा हजार माणसें उतरलीं आणि दोन हजारांच्या घरांत ठार किंवा जखमी झालीं. जी टेकडी पहिल्या दिवशीं घ्यावयाची होती, ती आठ महिन्यांतहि हातीं आली नाहीं.

या किनाऱ्यावर आपलेहि लोक होते, हें आपल्याकडे फारसें कोणास ठाऊक नसतें. त्या सकाळीं साडेदहाच्या सुमारास किनाऱ्यावर ज्या पहिल्या तोफा चढविल्या गेल्या, त्या २६ क्रमांकाच्या जेकब डोंगरी तोफखान्याच्या, म्हणजे हिंदी तोफखान्याच्या होत्या. तोफा सुट्या करून खेंचरांच्या पाठीवर लादावयाच्या आणि घळींतून वर न्यावयाच्या, हें काम पंजाबी मुसलमान व शीख जवानांनीं केलें. पुढें रात्रींमागून रात्रीं पाणी, शिधा आणि दारूगोळा वरच्या खंदकांपर्यंत पोंचविला तो हिंदी खेंचर-पथकांनीं. गाढवावर घालून जखमींना खालीं आणणारा सिम्प्सन नांवाचा शिपाई ऑस्ट्रेलियांत बाळबोध पुस्तकांतला वीर झाला आहे. हा सिम्प्सन हिंदी तोफखान्याच्या तळावर राही, त्यांच्याबरोबर जेवी, आणि तेथले लोक त्याला 'बहादुर' म्हणत. तीन आठवडे त्यानें हें काम केलें. १९ मे रोजीं गोळी लागून तो मेला. हिंदी सैन्यांतले हजाराहून अधिक लोक गॅलिपोलीवर कामास आले. ऑस्ट्रेलियांतहि त्यांची आठवण फार उशिरा निघूं लागली.

त्याच १९ मे ला तुर्कांनीं मोठा हल्ला केला आणि सुमारें तीन हजार माणसें गमावलीं. दोन्ही खंदकांमधल्या चिंचोळ्या पट्टींत प्रेतांचा खच पडला. उन्हाळ्याचे दिवस, दुर्गंधि दोन्ही बाजूंना सोसवेना. शेवटीं २४ मे रोजीं कांहीं तासांचा तह करून दोन्ही सैन्यांनीं आपापलीं प्रेतें पुरलीं. काल ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या, ते आज शेजारीं उभे राहून खड्डे खणीत होते. कोणीं कोणाला सिगारेटी दिल्या. ठरलेली वेळ संपतांच पुनः बंदुका सुरू झाल्या.

ऑगस्टांत निर्वाणीचा प्रयत्न झाला. 'लोन पाइन' येथें खंदकांवर घातलेल्या लांकडी ओंडक्यांखालीं उतरून अंधारांत संगिनींनीं चार दिवस झुंज चालली. परंतु ज्या प्रसंगानें माझें मन आजहि सुन्न होतें तो 'द नेक' या अरुंद कड्यावरचा, ७ ऑगस्टच्या पहांटेचा. तेथें घोडदळाचे शिपाई पायदळ म्हणून लढत होते. आपल्या तोफांचा मारा संपला कीं दीडशेंची एक रांग, तिच्यामागून दुसरी, अशा चार रांगांनीं धांवावयाचें ठरलें होतें. तोफा सात मिनिटें आधींच थांबल्या. घड्याळें जुळविलेलीं नव्हतीं असें सांगतात. त्या सात मिनिटांत तुर्क खंदकांत परतले आणि नेम धरून बसले. पहिली रांग उठली ती तत्क्षणीं कापली गेली. दुसऱ्या रांगेनें तें पाहिलें होतें, तीहि उठली. तिसरी थांबवावी असें म्हणणारे अधिकारी होते. हुकूम आला, चालूं द्या. तिसरी उठली, आणि चौथींतलेहि कांहीं उठले. आमच्या शाळेच्या क्रीडांगणाहून लहान अशा त्या जागेवर दोनशें चौतीस माणसें मेलीं. शौर्य म्हणावें तर तें यापरतें कोठें सांपडणार? पण हुकूम देणाऱ्यांना क्षमा करावी असें मात्र माझ्या मनांत कधीं आलें नाहीं.

डिसेंबरांत माघार झाली. सबंध मोहिमेंत एवढी एकच गोष्ट बिनचूक पार पडली. एका तरुण शिपायानें युक्ति काढली होती: वरच्या डब्यांतलें पाणी थेंब थेंब खालच्या डब्यांत गळावें, तो जड झाला कीं दोरी ओढली जाऊन बंदूक आपोआप उडावी. रिकाम्या खंदकांतून अशा बंदुका उडत राहिल्या, आणि १९ डिसेंबरच्या रात्रीं शेवटचीं माणसें होड्यांत चढलीं. निघण्याआधीं कित्येकांनीं आपल्या सोबत्यांचीं थडगीं नीट केलीं, दगड रचले, क्रूस सरळ केले. हार त्यांना तितकीशी लागली नाहीं. मेलेल्यांना मागें टाकून जाणें लागलें.

आठ हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन आणि सुमारें २,७०० न्यूझीलंडर तेथें राहिले. इंग्रज व फ्रेंच याहून कितीतरी अधिक मेले, आणि तुर्क तर ऐशीं हजारांवर. हेंहि सांगितलें पाहिजे, नाहींतर चित्र एकांगी होईल. पण लोकसंख्या पन्नास लाख! शिवाय अंतर किती! फ्रान्समध्यें मुलगा जखमी झाला तर लंडनची आई दोन दिवसांत त्याच्या उशाशीं पोंचूं शके. सिडनीच्या आईला पत्र मिळावयासच सहा आठवडे लागत. तार आधीं येई आणि मुलाचें शेवटचें पत्र मागाहून. मृत्यूची वार्ता पोंचविण्याचें काम पाद्र्यांकडे दिलें होतें. त्यामुळें गल्लींत पाद्री दिसला कीं दारांदारांतून बायका श्वास रोखून पाहात, तो कोणत्या घराशीं थांबतो तें.

आणि 'बेपत्ता' एवढाच शब्द आला तर? माजी मुख्य प्रधान आल्फ्रेड डीकिन यांची मुलगी व्हीरा डीकिन, तेव्हां तेवीस वर्षांची, १९१५ च्या ऑक्टोबरांत कैरोला आली आणि तिनें रेड क्रॉसची चौकशी-कचेरी उघडली. बेपत्ता शिपायाच्या सोबत्यांना इस्पितळांतून, छावण्यांतून गांठावयाचें. तो कोठें पडला, काय बोलला, कोठें पुरला, हें विचारावयाचें आणि घरीं कळवावयाचें. ही कचेरी पुढें लंडनला हालली. तिनें जमविलेलीं हजारों टिपणें कॅनबेराच्या युद्ध-स्मारकांत जपून ठेवलेलीं आहेत. कित्येक आईबापांना मुलाचें थडगें म्हणून जें मिळालें, तें तो कागदच.

१९१६ सालीं हें सैन्य फ्रान्समध्यें आलें, आणि गॅलिपोली ही केवळ तोंडओळख होती असें दिसून आलें. १९ जुलैच्या संध्याकाळीं फ्रॉमेल गांवाजवळ, नव्यानेंच आलेल्या एका डिव्हिजनला उघड्या सपाट शेतांतून जर्मन यांत्रिक तोफांवर धाडण्यांत आलें. एका रात्रींत ५,५३३ माणसें ठार, जखमी वा कैद झालीं; त्यांत मेलेले जवळजवळ दोन हजार. हाती लागलें शून्य. येथून कांहीं मैलांवर नव्ह-शापेल आहे. तेथें १९१४ च्या २८ ऑक्टोबरला आमच्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या अशाच जवळजवळ कापल्या गेल्या होत्या. फ्रॉमेलनंतर चारच दिवसांनीं पोझिएरची लढाई सुरू झाली. दीड महिन्यांत तीन डिव्हिजनांचीं सुमारें तेवीस हजार माणसें कामास आलीं किंवा जायबंदी झालीं. गांवाची एक भिंतहि उभी राहिली नाहीं.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतों, कारण तोच प्रश्न सबंध राष्ट्राला स्वतःस विचारावा लागला. स्वेच्छेनें येणारे आटले होते. मुख्य प्रधान विल्यम ह्यूज यांना सक्तीची भरती हवी होती. त्यांनीं लोकांचा कौल मागितला. २८ ऑक्टोबर १९१६ रोजीं बावीस लाखांहून अधिक मतें पडलीं. बायकांनाहि मताधिकार होता. तो त्यांना १९०२ सालींच मिळाला होता. सुमारें बहात्तर हजारांच्या आधिक्यानें लोकांनीं "नको" म्हणून सांगितलें. घरांत भांडणें झालीं, चर्च दुभंगलें, सत्ताधारी मजूर पक्ष फुटला. २० डिसेंबर १९१७ ला ह्यूजसाहेबांनीं पुनः विचारलें. या वेळीं नकार दुपटीहून मोठा होता. खंदकांतल्या शिपायांनींहि मतें दिलीं होतीं. त्यांत "हो" म्हणणारे थोडे अधिक निघाले, पण "नको" म्हणणारे हजारोंनीं होते. स्वतः तेथें उभा असलेला माणूस, दुसऱ्याला बळें येथें आणूं नका असें सांगतो, यापेक्षां निराळी साक्ष काय हवी? ऑस्ट्रेलिया युद्धांतून निघून गेली नाहीं. पण जो जाईल तो आपल्या मर्जीनें जाईल, हा हट्ट तिनें शेवटपर्यंत सोडला नाहीं. इतक्या मोठ्या युद्धांत असें करणारीं राष्ट्रें फार थोडीं.

१९१८ ची हकीकत थोडक्यांत सांगतों, कारण विजयाच्या कथा सर्वांना पाठ असतात. २४–२५ एप्रिलच्या रात्रीं व्हिलेर-ब्रेटोनो हें गांव ऑस्ट्रेलियनांनीं जर्मनांकडून परत घेतलें. जुलैमध्यें जनरल मोनाश यांनीं हामेलची लढाई नव्वद मिनिटांत जिंकण्याचें गणित मांडलें आणि ती त्र्याण्णव मिनिटांत जिंकली. हे मोनाश पेशानें इंजिनियर. प्रशियांतून आलेल्या ज्यू आईबापांचे चिरंजीव. मास्तराच्या मनाला मात्र सुखावून जाते ती पुढची गोष्ट. व्हिलेर-ब्रेटोनोची शाळा लढाईंत जमीनदोस्त झाली होती. व्हिक्टोरिया प्रांतांतल्या शाळकरी मुलांनीं आणि शिक्षकांनीं पेनी-पेनी जमवून ती पुनः बांधून दिली. १९२७ सालीं ती उघडली. तिच्या अंगणांत आजहि मोठ्या अक्षरांत लिहिलेलें आहे: ऑस्ट्रेलियाला विसरूं नका.

युद्ध संपलें तेव्हां हिशेब असा निघाला. नांवें नोंदविलीं ४,१६,८०९ जणांनीं. समुद्रापार गेले सुमारें ३,३१,०००. परत आले नाहींत असे साठ हजारांहून अधिक. बोटींत चढलेल्या दर पांच-सहांमागें एक. दीड लाखांहून अधिक जखमी झाले, विषारी वायूंत सांपडले किंवा कैद झाले.

यांतल्या कांहींचा मुक्काम आपल्या इकडेहि झाला. मेसोपोटेमियांत पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर, १०३, ११० व ११७ या मराठा पलटणींबरोबर, ऑस्ट्रेलियाच्या हवाई तुकडीचे नऊ कारागीर कुटच्या वेढ्यांत अडकले होते. २९ एप्रिल १९१६ ला कुट पडलें आणि सारेच तुर्कांच्या कैदेंत गेले. त्या नऊंपैकीं सात कैदेंतच वारले. वाळवंटांतल्या त्या पायपिटींत मराठा शिपायांचे काय हाल झाले, हा निराळ्या भाषणाचा विषय आहे. तसेंच, दोन हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन परिचारिका युद्धकाळांत समुद्रापार गेल्या. त्यांतल्या पांचशेंहून अधिक हिंदुस्थानांत, मुंबई-पुण्याच्या लष्करी इस्पितळांतहि, राबल्या. १९१६ च्या ऑगस्टांत मुंबईंत त्यांतल्या दोघी पटकीनें गेल्या. खडकीच्या युद्ध-स्मारकावर त्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. पुण्याच्या श्रोत्यांपैकीं ज्यांना सवड असेल त्यांनीं एखाद्या सकाळीं तेथें जावें. त्यांच्या घरच्यांना तें जमण्यासारखें नव्हतें.

कारण मेलेल्यास घरीं आणावयाचें नाहीं, जो जेथें पडला तेथेंच त्याला चिरविश्रांति, असा साम्राज्याचा नियम होता. श्रीमंतांना एक न्याय आणि गरिबांना दुसरा असें होऊं नये, हा त्यांतला हेतु; तो चांगलाच होता. पण ऑस्ट्रेलियन आईबापांपुरता त्याचा अर्थ इतकाच झाला, कीं थडगें जन्मांत दिसावयाचें नाहीं. एक अपवाद झाला. सेनापति ब्रिजेस गॅलिपोलीवर जखमी होऊन १९१५ च्या मे मध्यें वारले. त्यांचें शव मात्र मायदेशीं आणून पुरलें. त्यांचा घोडा 'सँडी' हाहि परत आला. युद्धाला गेलेल्या लाखाहून अधिक ऑस्ट्रेलियन घोड्यांपैकीं परतलेला तो एकटाच. आपल्या फौजेंतल्या जुन्या घोडेस्वारांना 'वेलर' घोडे माहीत असत. ते याच जातीचे.

थडग्यावरच्या शिळेच्या तळाशीं घरच्यांनीं आपल्या मनचें कांहीं कोरवावें, अशी मुभा होती. पण अक्षरें सहासष्टच, मधल्या मोकळ्या जागा धरून! बारा हजार मैलांवरून, कधींहि न पाहिलेल्या दगडासाठीं, सहासष्ट अक्षरांत आपल्या मुलाविषयीं काय म्हणावें? कित्येकांनीं वचनें लिहिलीं, कित्येकांनीं त्याचें घरांतलें लाडकें नांव, आणि कित्येकांना कांहींच लिहितां आलें नाहीं.

म्हणून त्या लोकांनीं दगड आपल्या गांवीं उभे केले. युद्धानंतरच्या थोड्या वर्षांत सुमारें दीड हजार स्मारकें उभीं राहिलीं, बहुतेक गांवच्या वर्गणीनें. चार दुकानें आणि एक रेल्वे-स्टेशन असलेल्या वस्तींतहि बंदूक उलटी धरून मान खालीं घातलेला दगडी शिपाई दिसतो. पुष्कळ ठिकाणीं केवळ मेलेल्यांचींच नव्हे, तर जाऊन परत आलेल्यांचींहि नांवें कोरलेलीं आहेत. येथें सुरुवातीस सांगितलेली किल्ली लावून पाहावी. सक्ति नव्हती, तेव्हां जाणें हेंच मोठें. परंतु याला दुसरीहि बाजू आहे. जीं नांवें दगडावर नाहींत, तींहि गांवांत सर्वांना वाचतां येत. न गेलेल्याला, त्याच्या बायकोला, मुलांना त्या दगडावरून रोज जावें लागे.

आणि कांहींचीं नांवें गेले असूनहि नव्हतीं. कायद्यानें युरोपीय वंशाचा नसलेला माणूस सैन्यांत घ्यावयाचा नव्हता. तरीहि त्या भूमीच्या मूळच्या रहिवाशांपैकीं हजाराहून अधिक जण, कोणी जात लपवून, कोणी दयाळू डॉक्टरच्या कानाडोळ्यानें, भरती झाले. खंदकांत त्यांना तोच पगार आणि तेंच अन्न मिळालें. परतल्यावर मात्र सैनिकांना वांटावयाच्या जमिनींतून त्यांतल्या फारच थोड्यांच्या वांट्याला कांहीं आलें. १९६७ सालीं कौल घेऊन घटना बदलली जाईपर्यंत राष्ट्राच्या शिरगणतींत त्यांना धरीतहि नसत. ज्या राष्ट्रासाठीं ते मेले, त्याच्या बेरजेंत ते नव्हते. वीस-पंचवीस पिढ्यांची अस्पृश्यता पाहिलेल्या समाजांतला मी. दुसऱ्याकडे बोट दाखवितांना माझा हात थोडा अडखळतो.

आतां फ्रॉमेलकडे एकदां परत जाऊं. त्या रात्रीं जर्मन रांगांमागें मेलेल्यांपैकीं बरेच जण कोठेंच सांपडले नव्हते. मेलबोर्नचे एक निवृत्त शाळामास्तर, लॅम्बिस एंग्लेझोस, याच्या मागें लागले. याद्या ताडून, जुनीं हवाई छायाचित्रें पाहून त्यांनीं हट्टानें सांगितलें, कीं फेझंट वुड या राईच्या कडेला जर्मनांनीं खणलेल्या खड्ड्यांत तीं प्रेतें आहेत. तज्ज्ञांनीं आधीं दाद दिली नाहीं. २००८ सालीं चांचणीसाठीं खणलें, आणि पुढच्या वर्षीं तेथून २५० देह निघाले. मास्तर खरे ठरले. आम्हां पेशेवाल्यांना अभिमान वाटावा असेंच आहे तें! २०१० सालीं त्यांच्यासाठीं निराळें कबरस्तान झालें. नातलगांच्या रक्ताशीं वा लाळेशीं अनुवंशतत्त्व ताडून दीडशेंहून अधिक जणांचीं नांवें निश्चित करतां आलीं आहेत. जिनें वाट पाहिली ती आई केव्हांच गेली. भाचे, नातू, पणतू शिळेसमोर येऊन उभे राहिले.

गॅलिपोलीवर लढलेल्या अँझॅक सैनिकांतला शेवटचा, टास्मानियाचा ॲलेक कॅम्पबेल, २००२ च्या मे मध्यें वारला. भरती झाला तेव्हां सोळा वर्षांचा होता, वय वाढवून सांगितलें होतें. गेला तेव्हां एकशेंतीन वर्षांचा. मरेपर्यंत त्याला आपल्या वीरपणाचें फारसें कौतुक नव्हतें.

त्याच्याहि आधीं, १९९३ सालीं, एक गोष्ट घडली. व्हिलेर-ब्रेटोनोजवळच्या एका कबरस्तानांतून एका अनोळखी ऑस्ट्रेलियन शिपायाचें शव काढून विमानानें कॅनबेराला आणलें. नांव ठाऊक नाहीं, पलटण ठाऊक नाहीं, कोठल्या गांवचा तें ठाऊक नाहीं. पंचाहत्तर वर्षांनीं तो परतला. ११ नोव्हेंबरला युद्ध-स्मारकाच्या घुमटाखालीं त्याला पुरलें. फ्रान्सच्या आघाडीवर लढलेला रॉबर्ट कोम नांवाचा एक म्हातारा सैनिक तेथें उभा होता. पोझिएरहून आणलेली मूठभर माती त्यानें खड्ड्यांत टाकली आणि तो म्हणाला, "आतां तूं घरीं आलास, दोस्ता."